वेलीची खोली

विद्याताई सिंगापूरला पोचल्या त्याच दिवशी रुचिरने, त्यांच्या मुलाने, त्यांना घरातला एक नियम सांगितला. लिफ्ट, किल्ल्या, गॅस हे सगळं नंतर. आधी हे, की स्वयंपाकघरालगतच्या खोलीचं दार कधीही उघडं टाकायचं नाही.

"का रे? आहे काय तिथे?"

"ये, दाखवतो."

दार उघडलं आणि अंगावर गारव्याची लाट आली. खिडकीशी बांबूच्या जाळीवर एक वेल चढवली होती. पानं तांबूस हिरवी, आणि पानोपानी पिटुकल्या कळ्या. बाकी खोली रिकामी.

"क्लेमॅटिस," रुचिर हळू आवाजात म्हणाला, जणू आत तान्हं बाळ झोपलंय.

लंडनला होता तेव्हा घरमालकिणीच्या भिंतीवर अशीच वेल होती. फुलली की व्हॅनिलासारखा वास थेट जिन्यापर्यंत यायचा. पुढे बँकेने सिंगापूरला पाठवलं, तिथल्या सेम्बावांग भागात फ्लॅट घेतला, पण तो वास काही त्याच्या डोक्यातून जाईना. वेल थंड मुलखातली. हिवाळा सोसल्याशिवाय कळ्या धरत नाही. म्हणून त्याने कोल्ड्रिंकवाल्यांचा काचेच्या दाराचा एक जुना फ्रीज आणला होता. वर्षातले काही आठवडे वेल कुंडीसकट त्यात. तो तिचा हिवाळा. बाहेर काढली की रात्रंदिवस एसी. पहिली दोन रोपं गेली होती. हिला मात्र यंदा कळ्या आल्या होत्या.

"मुळांवर हे गोटे कशाला?"

"मुळं तापता कामा नयेत ना, आई. शेंडा उजेडात आणि मुळं गारव्यात. जरा उकडलं की संपलीच ती."

विद्याताईंना गंमत वाटली, थोडं कौतुकही. लहानपणी हाच मुलगा गुलाबाची कलमं करायला ठाण्याच्या गॅलरीत तासन्‌तास बसायचा. त्यांची स्वतःची गादी नात मधुराच्या खोलीत घातली होती. तिथे पंखा होता, खिडकी होती. त्यांची तक्रार नव्हती.

घरकामाला तुमिनी होती. इंडोनेशियातल्या जावाची, पंचविशीतली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. विद्याताई उठायच्या तेव्हा तिची कणीक मळून झालेली असायची. ती हॉलमध्ये झोपत असेल, असं त्यांनी आपलं धरून चाललं होतं.

एके दुपारी घरात त्या दोघीच होत्या. रुचिर आणि सून अदिती ऑफिसात, मधुरा शाळेत. पाणी प्यायला म्हणून विद्याताई स्वयंपाकघरात गेल्या तर भाजी अर्धवट चिरलेली आणि तुमिनी कुठेच नाही. हाका मारल्या. स्टोअररूमच्या आतून बारीक आवाज आला, "येस, आजी."

ती स्टोअररूम म्हणजे नव्या फ्लॅटांमधून असतं ते शेल्टर. युद्धबिद्ध झालं तर घरच्यांनी आत बसायचं म्हणून जाड भिंतींचं, लोखंडी दाराचं, बिनखिडकीचं. विद्याताईंनी ते जड दार ओढलं. आतली हवा तोंडावर आली आणि त्या एक पाऊल मागेच सरल्या. तांदळाची पोती, सुटकेसा, इस्त्रीचं टेबल, आणि या सगळ्याच्या मध्ये उरलेल्या जागेत एक पातळ गादी. पाय लांब केले तर दार लागणार नाही, एवढीच. गादीवर तुमिनी घामाने निथळत पडली होती. कपाळाला हात लावायचीही गरज नव्हती. ताप दिसतच होता.

"तू इथे झोपतेस? रोज?"

तुमिनी उठायला लागली. "सॉरी, आजी. भाजी आत्ता करते."

विद्याताईंनी सगळी नोकरी सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. वॉर्डात शिरल्यावर आधी खिडक्या उघडायच्या आणि मग पेशंटकडे बघायचं, ही त्यांची रीत. या खोलीला उघडायला काही नव्हतंच. भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, एसीची घरघर चालू होती.

त्यांनी तुमिनीला दंडाला धरून उठवलं आणि वेलीच्या खोलीत नेलं. "नो, आजी! सर रागावतील!" ती कळवळून म्हणत राहिली. विद्याताईंनी आपली गादी ओढत आणून वेलीखाली टाकली, तिला झोपवलं, एसीचा बोचरा गारवा कमी केला आणि कपाळावर घड्या ठेवत बसल्या.

संध्याकाळी रुचिर घरी आला तो बूट काढून सरळ त्या खोलीकडे. दार उघडंच होतं.

"आई! दार कुणी उघडं टाकलं? एसीचं तापमान पण वाढवलंस? अगं, कळ्या आहेत तिला!"

"खाली बघ," विद्याताई म्हणाल्या.

त्याने खाली बघितलं. "हिला काय झालं?"

"ताप आहे. आणि तू आधी कळ्या बघितल्यास."

हॉलमध्ये येऊन तो कसाबसा आवाज खाली ठेवत म्हणाला, "बरं नव्हतं तर फोन करायचास, डॉक्टरकडे नेलं असतं. पण आई, इथे सगळ्यांकडे कामाच्या बायका तिथेच झोपतात. आम्ही काही जगावेगळं करत नाही."

"सगळ्यांचं मला सांगू नकोस. मी सगळ्यांना जन्म दिलेला नाही."

"पगार वेळेवर देतो. कधी आवाज चढवून बोललेलो नाही."

"अरे, मुळं तापू नयेत म्हणून गोटे वेचून आणतोस तू! आणि भिंतीपलीकडे एक बाई भाजून निघते, ते तुला कळत नाही?"

तेवढ्यात अदिती आली. काय चाललंय ते ऐकून ती गोंधळली. "पण ती कधी काही बोलली नाही, आई."

"बोलेल कशी?"

यावर उत्तर आलं ते भलतीकडूनच. तुमिनी भिंतीला धरून दारात उभी होती, रडत होती. "मॅडम, मी काही नाही सांगितलं. मला तिथे चालतं. प्लीज, मला एजंटकडे परत पाठवू नका."

महिनाभराने विद्याताई ठाण्याला परत जाणार होत्या. आपण इथे आग लावून निघून जाणार आणि निस्तरायचं या पोरीने, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण तेवढ्याने त्यांचा राग विझला नाही. उलट आणखी पेटला. ताप अंगात असताना हिला माफी मागावीशी वाटते!

त्यांनी तुमिनीला पुन्हा झोपवलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात मुलाला म्हणाल्या, "एक कर. चहा घे आणि तिथे आत बसून पी. दार लावून. चहा संपला की बाहेर ये आणि मला म्हण, की चालतं. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"काहीतरीच काय, आई. नाटकं नकोत."

तो उठला नाही. उठली अदिती. ऑफिसच्या कपड्यांतच ती स्वयंपाकघरात गेली. लोखंडी दार लागल्याचा आवाज आला. रुचिर टीव्हीचा रिमोट हातात धरून बसला होता. टीव्ही बंद होता.

अदिती बाहेर आली तेव्हा तिचा शर्ट पाठीला चिकटला होता. ती सासूकडे बघेना. "तांदूळ काढायला तर रोज हात घालते मी तिथे," ती म्हणाली. "रुचिर, वेल हलव."

"अदिती, चार वर्षं..."

"हलव म्हणते ना."

शनिवारी वेल हॉलमध्ये आली आणि त्या खोलीत पलंग. तुमिनी दोन दिवस पलंगाच्या कडेवरच बसायची, मग हळूहळू निजायला लागली. हॉलच्या उकाड्यात वेल गडबडली. सगळ्या कळ्या एकदम उमलल्या. फिकट गुलाबी फुलं, आणि वास खरंच असा, की लिफ्टमधून उतरलेली माणसं कॉरिडॉरमध्ये थबकायची. विद्याताईंनाही तो आवडला. आवडला म्हणून त्या जास्तच चिडल्या. मग पानं कडेने करपली, आणि एका सकाळी सगळी वेल माना टाकून लोंबत होती. रुचिरने ती मुकाट्याने उपटली. आईशी तो कामापुरतंच बोलत होता.

निघायच्या दिवशी विमानतळावर ट्रॉली ढकलता ढकलता त्याने विचारलं, "आता तरी राग गेला ना, आई?"

"नाही."

"अगं, दिली ना खोली?"

"अदिती म्हणाली म्हणून दिलीस. आपलं चुकलं, असं एकदा तरी आलंय तुझ्या तोंडून? मला नको सांगूस. तिला सांगितलंस?"

रुचिरने ट्रॉलीवरची नीट असलेली बॅग उगाच पुन्हा नीट केली. विद्याताईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग ट्रॉलीचा दांडा त्याच्या हातातून घेतला आणि रांगेकडे चालू लागल्या.