हीटरला थंडी वाजेना

सोलापुरात मे महिन्यात कुणी हीटर बसवतंय म्हटल्यावर गल्ली गप्प बसेल होय? शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, आणि गुरुलिंगप्पा तिथं आपल्या मोटारीत ऊब आणणारं यंत्र बसवत होता! समोरची मायाक्का पदरानं वारा घेत ओट्यावर यायची आणि रोज एकच विचारायची, "आप्पा, तुमचं झालं की माझ्या घरात बी एक बसवा. लई गारठतंय बघा."

गुरुलिंगप्पा हसायचा नाही. उभी हयात एस.टी.चं चाक हातात धरलेला माणूस तो. मागं बसलेल्यांची बडबड कानाआड करायची त्याला सवय. पण खरं सांगायचं तर तो मनातून धास्तावलेला होता, आणि त्याचं कारण मायाक्काला काय माहीत!

कारण होती सावित्रम्मा, त्याची बायको. तिला दमा. थंडी लागली की छाती भरायची, आणि धुराचा वास आला तर विचारूच नका, श्वास अडकून ओठ काळेनिळे पडायचे. आता अशा बाईनं सोलापुरात सुखानं राहावं की नाही? पण तिच्या मनात हिमालयातला केदार होता. वीरशैवांची पाच पीठं. त्यातली चार नवरा-बायकोनं पाहून झाली होती. काशीसुद्धा झाली. राहिला होता एकटा केदार.

मागं एकदा जाऊन आले होते म्हणा. आले होते म्हणजे अर्ध्या वाटेवरून परतले होते. गुप्तकाशीच्या धर्मशाळेत थंडी मी म्हणत होती, आणि यात्रेकरूंनी खोलीच्या मधोमध ओली लाकडं पेटवलेली. बाहेर जावं तर थंडी, आत बसावं तर धूर. त्या रात्री सावित्रम्माच्या छातीतली शीळ ऐकत गुरुलिंगप्पानं तिला मांडीवर ताठ धरून बसवलं होतं. ती आता जाते की मग, हेच तो बघत होता. उजाडल्यावर पहिल्या मोटारीनं खाली उतरले. घरी आल्यावर सावित्रम्मा देवासमोर बसून म्हणाली, "दारापर्यंत नेलंस आणि पाठवून दिलंस." ते गुरुलिंगप्पाच्या काळजात रुतून बसलं.

म्हणून नोकरी संपल्यावर त्यानं एका चादरवाल्याची जुनी व्हॅन घेतली. जत्रेला माल घेऊन फिरायची ती. आत दोन बाजूंना निजायला बाक केले, भिंतींना आतून घोंगडी ठोकली, त्यावर सोलापुरी चादरी ताणल्या. आता मुक्काम धर्मशाळेत नाही, आपल्या गाडीत. गाडी जाईल तिथवर गाडी, पुढं डोली. राहता राहिली ती रात्रीची थंडी. आणि ते काम त्यानं जोतीरामवर टाकलं.

जोतीराम मूळचा मंद्रूपचा, अक्कलकोट नाक्यावर त्याचं गॅरेज. हात सोन्याचा, पण तोंड कायम एरंडेल प्यायल्यागत. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं पलटणीच्या अ‍ॅम्ब्युलन्समधून काढलेला एक हीटर शोधून आणला. पेट्रोलवर चालायचा. इंजिन बंद असलं तरी हा आपला वेगळा पेटणार. आग बंद डब्यात, धूर नळीनं गाडीच्या खाली, आणि डब्याला लागून तापलेला वारा तेवढा पंख्यानं आत. सावित्रम्मासाठी याहून बरं काय असणार? विकणाऱ्यानं तर छातीवर हात मारून सांगितलं होतं, "थंडी पडली की आपोआप पेटतोय, शेठ. बघायलाच नको." बाजारवाल्याच्या तोंडाला काय, दगड विकतानासुद्धा तो गोड आहे म्हणेल. जोतीरामनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

बाकाखाली डबा बसला. तळाच्या पत्र्याला भोकं पाडून एक नळी बाहेरची हवा ओढायला, दुसरी धूर सोडायला गेली. पेट्रोलची नळी जोडली, बॅटरीच्या वायरी जोडल्या. एक तांब्याची बारीक नळी तेवढी उरली. तिच्या टोकाला बोराएवढी गोळी होती. ती कशाची हे काही कळेना. जोतीराम म्हणाला, "असंल शोभंला," आणि तिचं वेटोळं करून त्यानं ते बाकावरच्या खिळ्याला अडकवलं.

मग गुरुलिंगप्पानं 'सिद्धरामा' म्हणत बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. आणि बास. पुढं काही नाही.

पुन्हा दाबलं. दिवा लागला. डबा ढिम्म.

जोतीरामनं प्लग काढून पुसला. पेट्रोल येतंय का बघितलं, तर येत होतं. वायरी ओढून बघितल्या, तर घट्ट. डबा सोडवला, झाडला, पुन्हा बसवला. बनियन पिळून काढावं इतका घाम, वर पत्रा तव्यासारखा तापलेला, आणि मायाक्का ओट्यावरून विचारतेय, "पेटला का वो? न्हाईतर काडी देऊ?"

"बाजारवाल्यानं मढं बांधलंय गळ्यात!" जोतीराम पाना आपटून म्हणाला. "आप्पा, ह्ये काय जित्तं न्हाय. सोडा नाद."

गुरुलिंगप्पा पायरीवर बसला. पाऊस लागायच्या आत केदार गाठायचा तर या पंधरवड्यात निघायला हवं होतं. दुसरा हीटर आणायचा कुठून? आणि हीटरशिवाय तिला न्यायचं म्हणजे पुन्हा तीच रात्र, तीच शीळ. त्याच्या अंगावर त्या उन्हातही काटा आला. आणि पुढच्या वर्षी? दर थंडीला तिची छाती जरा जास्तच आवळत होती, हे त्याला दिसत नव्हतं थोडंच. डोळे भरून आले, ते त्यानं घाम पुसायच्या निमित्तानं पुसून घेतले.

"ऐकतीस का," तो घराकडं बघून म्हणाला, "औंदा राहू दे. जमत न्हाय."

सावित्रम्मा शेंगा निवडत दारात बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. गाडीपाशी आली, बाकाखालच्या डब्याकडं बघितलं, मग घामानं निथळणाऱ्या दोघांकडं.

"का छळताय त्याला सकाळधरनं?" ती म्हणाली. "जेवून ढेकर दिलेल्याच्या म्होरं ताट वाढलं तर तो जेवंल का? सोलापूरचा उन्हाळा ह्यो. त्याला थंडीच वाजंना, तर पेटंल कशाला?"

मायाक्का खो खो हसली. जोतीरामही "वैनी, ह्ये मशीन हाय, माणूस न्हाय" असं काहीतरी तोडून बोलणार होता. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाजारवाल्याचं ते वाक्य त्याला आठवलं, थंडी पडली की आपोआप पेटतोय. त्यानं खिळ्याला अडकवलेली तांब्याची गोळी हातात घेतली. ती चांगली कढत झालेली होती.

"आयला!" जोतीराम म्हणाला. "ह्यो कान हाय की त्याचा! थंडी ऐकायचा कान! आणि आमी त्याला सोलापूर ऐकवतोय!"

आता सोलापुरात मे महिन्यात थंडी आणायची कुठून? तर बर्फाच्या कारखान्यातून. हातगाडीवर भुसा आणि गोणपाटात गुंडाळून लाद्या आल्या, तशी सगळी गल्ली जमली. हीटर राहिला बाजूला. जो तो बर्फाचा तुकडा मागायला लागला. मायाक्कानं तर एक खडा सरळ डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाली, "बसवा बाबा हीटर, रोज बसवा!"

लाद्या गाडीत बाकाशेजारी मांडल्या. जोतीरामनं तांब्याची नळी उलगडून गोळी बर्फावर ठेवली, वर एक तुकडा दाबला आणि बटणाला हात लावला. तांबडा दिवा. थोडा वेळ तसाच गेला. मग आत कुठंतरी 'टक' झालं, पंखा कण्हायला लागला, आणि 'धप्प' करून डब्यानं आग धरली. बाकाखालच्या जाळीतून गरम वारा सुटला. गाडीखालच्या नळीनं निळसर धूर फुंकला. पोरंटोरं ओरडली. जोतीरामचं एरंडेलाचं तोंड पहिल्यांदा गोड झालं.

पण गुरुलिंगप्पा अजून हसला नाही.

"धूर आत तर येत न्हाय ना?" त्यानं विचारलं.

जोतीरामनं आत वाकून हुंगलं. "मला तर वास न्हाय येत. पण माजं नाक पेट्रोलानं कवाच मेलंय, आप्पा. मला इचारू नका."

"मग मी बसते आत," सावित्रम्मा म्हणाली.

"अजिबात न्हाय!" गुरुलिंगप्पा ओरडलाच. "गुप्तकाशीला बगितलंय मी!"

"म्हणूनच की. तितं कळण्यापरीस हितं कळलेलं बरं. हितं घर समोर हाय, बोळाच्या तोंडाला डाक्टर हाय." ती चादर खांद्यावर टाकत पायरी चढली. "माज्या छातीला कळंल ते तुमच्या मशीनीला कळायचं न्हाय. लावा दार."

गुरुलिंगप्पानं दार लावलं.

आणि मग तो दाराला कान लावून उभा राहिला. तिच्या छातीतली शीळ त्याला गाडीच्या इंजिनासारखी पाठ होती. सुरू होताना कशी, वाढताना कशी, सगळं ठाऊक. पण आत हीटर घुमत होता, आणि त्यात दुसरं काही ऐकू येईना. पायाखालची फरशी पोळत होती, डोक्यावर ऊन कोसळत होतं, त्याला त्याचं भानच नव्हतं. जोतीराम घड्याळ बघत होता. आतून ना खोकला, ना हाक.

गुरुलिंगप्पाला धीर धरवेना. त्यानं दार खाडकन उघडलं.

सावित्रम्मा बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. चादर कानापर्यंत ओढलेली. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर, डोळे मिटलेले. लाद्या अर्ध्या विरघळून खाली पाणी झालेलं, आत उकडहंडी झालेली, आणि बाईच्या कपाळावरून विभूती घामाबरोबर ओघळत होती.

"सावित्री," तो म्हणाला. चारचौघांत त्यानं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. "छाती?"

तिनं एक डोळा उघडला. लांब श्वास घेतला आणि सावकाश सोडला. शीळ नव्हती. नुसता श्वास होता, कुणाही बाईचा असतो तसा.

बाहेर पत्रे तडतडत होते, कुत्री गटाराच्या ओलीत पडली होती. सावित्रम्मानं चादर आणखी घट्ट आवळली आणि बाकावर थोडी सरकून जागा केली.

"बघत काय उभं राहिलाय?" ती म्हणाली. "दार लावा की. थंडी आत येतीय."

गुरुलिंगप्पा आत चढला आणि त्यानं दार लावून घेतलं.