बोरीबंदरची ट्राम

दोन हजार तेवीस साली चांद्रयान चंद्रावर उतरलं, जुन्या डबलडेकर बस कायमच्या जाणार म्हणून पेपरात त्यांचे फोटो यायला लागले, आणि त्याच वर्षी लालबागच्या गोमती चाळीत गणपतीपुढे ट्राम उभी राहिली. मुंबईतून ट्राम जाऊन तेव्हा साठ वर्षं होत आली होती. चाळीत ट्राममध्ये बसलेली माणसं उरली होती मोजकी, आणि त्यातल्या एकीला ट्राम गेलीये हेच ठाऊक नव्हतं.

ती नलू. दुसऱ्या मजल्यावरची. वय ऐंशीच्या आसपास, अंगाने शिडशिडीत, पायाने तरतरीत. डोक्याचं मात्र गेल्या दोन वर्षांत बिनसलं होतं. दुपारचा चहा झाला की ती केस विंचरायची, बरं लुगडं नेसायची, काखेत पर्स मारायची आणि दाराशी येऊन म्हणायची, "जाऊन येते गं गिरगावला. ट्रामची वेळ झाली."

गिरगाव म्हणजे माहेर. लग्न होऊन ती लालबागला आली तेव्हा ट्राम चालू होती. बोरीबंदरपर्यंत ट्रामने जायचं आणि धोबीतलावावरून चालत घर गाठायचं. माहेरची माणसं जाऊन युगं लोटली होती. तिच्या डोक्यात ती सगळी चहा टाकून बसली होती.

सून वैशाली ऑफिसातून येईपर्यंत नलूवर लक्ष ठेवायची शेजारची लक्ष्मी. ही मूळची मालवणकडची, नलूच्याच वर्षी लग्न होऊन चाळीत आलेली. नवरा गिरणीत. हिचं माहेर बोटीच्या पल्याड, वर्षातून एकदा दिसलं तर दिसलं. तेव्हा नलूच तिला म्हणाली होती, "तू रडतेस कशाला? माझ्या माहेरी चल." आणि खरंच, दर पंधरवड्याला दोघी ट्रामने जायच्या. नलूच्या आईने लक्ष्मीच्या डोक्याला तेल लावलं, पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले. त्यामुळे नलू गिरगाव म्हणाली की लक्ष्मीलाही आपलंच माहेर आठवायचं.

पण ऑगस्टमध्ये लक्ष्मीचा दुपारी डोळा लागला आणि नलू जिना उतरून गेली. सापडली ती पुलाखाली, भर रस्त्यातल्या दुभाजकावर, हात पुढे करून उभी. दोन्ही बाजूंनी गाड्या. एका टॅक्सीवाल्याने गाडी आडवी घालून तिला कडेला आणलं.

त्या रात्री मुलाने, राजेशने, गॅलरीत येऊन लक्ष्मीला सांगितलं, "काकू, बदलापूरला एक जागा बघून आलोय. चांगली आहे. नर्स वगैरे आहेत. गणपती झाले की आईला तिकडे ठेवणार."

"आणि मी?" लक्ष्मीच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हाला कशाला ठेवू?" राजेश हसला, पण त्याचे डोळे सुजलेले होते. "तिला काही झालं तर काय करू, सांगा. दार बंद केलं तर डोकं आपटते. उघडं ठेवलं तर रस्त्यावर."

लक्ष्मीला कळत होतं, पोराचं चूक नव्हतं. पण नलू बदलापूरला गेली तर तिथे कोणाला ठाऊक असणार, ही कुठल्या गिरगावची गोष्ट करते?

पुढच्या रविवारी मंडळाची मीटिंग होती. अध्यक्ष उन्मेष, बँकेत नोकरी, अंगात उत्साह फार. त्याने देखाव्यासाठी चांद्रयानाचं चित्रच काढून आणलं होतं.

"यंदा सगळ्या लालबागेत चांद्रयानच असतला," मागून लक्ष्मी म्हणाली. "लोक इतके वेळा चंद्रावर जाऊन कंटाळतील. तुम्ही ट्राम करा."

"मावशी, ट्राम बघायला कोण येणार?"

"डबलडेकर बंद होतेय तर लोक रडतायत ना पेपरात? मग ट्रामला का नाही येणार? आणि ऐक. लोक पुढून चढतील, गणपतीला हात जोडतील, मागून उतरतील. रांग आपोआप लागते. तुझं यान घेऊन रांग लावून दाखव बघू."

रांगेचा मुद्दा उन्मेषला पटला. गेल्या वर्षी ढकलाढकलीत त्याचाच चष्मा फुटला होता.

रघू सुताराने काम अंगावर घेतलं. तोही चाळीतलाच, साठीचा, पण ट्राम फक्त फोटोत पाहिलेला. तो रोज संध्याकाळी लक्ष्मीपुढे येऊन बसायचा. तिने सांगितलं, ड्रायव्हर उभा राहून ट्राम चालवायचा आणि पायाने घंटा वाजवायचा. टपावर दांडा, तारेला टेकलेला. आत लाकडी पट्ट्यांची बाकं. रंगावरून मात्र तीन म्हाताऱ्यांनी तीन रंग सांगितले. मागच्या वर्षीचा लाल रंग शिल्लक होता, म्हणून ट्राम लाल झाली. पाटी लावायची वेळ आली तेव्हा कोणी विचारलंसुद्धा नाही. ट्राम म्हटली की दादर टी. टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, आख्ख्या लालबागला तेवढंच पाठ. उन्मेषने मोठ्या अक्षरात रंगवलं, 'दादर'. लक्ष्मीनेही मान डोलावली.

चतुर्थीला प्रतिष्ठापना झाली. संध्याकाळी नलूने केस विंचरले, पर्स घेतली. आज लक्ष्मीनेच दार उघडलं. "चल गो. ट्राम खाली आलीये."

राजेश आणि वैशाली मागून उतरले. राजेशचा विश्वास नव्हता, पण सणाच्या दिवशी त्याला नाही म्हणवेना.

नलू मांडवात आली. ट्राम पाहिली. जराही आश्चर्य नाही, बसस्टॉपवर बस पाहावी तसं पाहिलं. एक पाय पायरीवर ठेवला, वर पाटीकडे बघितलं आणि पाय काढून घेतला.

"ही दादरला चाललीय."

"अगं, बस तर खरी."

"वेडी का काय तू? दादरला माझं कोण आहे? बोरीबंदरची समोरून मिळेल." आणि ती वळून चक्क फाटकाकडे चालू लागली. बाहेर लालबागची चतुर्थीची गर्दी, ढोल, गाड्यांचे हॉर्न.

"काकू, पाटी!" वैशाली रडकुंडीला आली. "एवढं सगळं केलंत आणि पाटी दादरची?"

राजेशने आईला गाठण्यासाठी पाऊल उचललं, तेवढ्यात लक्ष्मीने त्याच्या मनगटाला धरलं. "थांब. तू धरलंस की ती ओरडेल." आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता ती नलूच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"नलू, बाहेर गर्दी बघ. समोरची येईल तीही भरलेली असेल. ही रिकामी आहे. हिच्यातच बसून दादरला जाऊ, ती तिथून परत फिरतेच ना? जागा तरी मिळेल."

नलूने विचार केला. "हे मात्र बरोबर. उभं राहून माझी कंबर जाते."

दोघी चढल्या, बाकावर बसल्या. उन्मेषने रांग थांबवली. लोक कुजबुजू लागले, पण कोणी चढलं नाही. लक्ष्मी खिडकीबाहेर बघून सांगत राहिली. परळ आलं, हिंदमाताला पाणी तुंबलेलं नाही आज, नायगाव आलं. नलू हसली. मग लक्ष्मी म्हणाली, "आलं बघ दादर." आणि पुढे काय करायचं हे तिला सुचेना. ट्राम तर दादरकडे तोंड करूनच उभी होती.

नलू उठली. "ऊठ की. बसून काय राहिलीस?"

"का गो?"

"पाठ फिरवायला नको? उलटं बसून जाणार आहेस गिरगावला?" तिने बाकाच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि स्वतःकडे ओढलं. पाठ हलेना. "अडकलीय. कंडक्टरला हाक मार."

आणि लक्ष्मीला एकदम आठवलं. टर्मिनसला ट्राम वळायचीच नाही. ड्रायव्हर या टोकावरून त्या टोकाला जायचा, टपावरचा दांडा दोरीने फिरवायचे आणि कंडक्टर धडाधड बाकांच्या पाठी पलीकडे लोटत यायचा. मागचं तोंड पुढे व्हायचं. तिने रघूला एवढं सगळं सांगितलं आणि हेच कसं विसरली!

"रघू!" ती ओरडली. "पाठ सोडव बाकाची. पलीकडे पडली पाहिजे."

"खिळे ठोकलेत मावशी, पक्के."

"मग काढ पक्के!"

रघू हातोडी घेऊन चढला. नलू कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभी. "रोजचंच आहे हे. डेपोत लक्षच देत नाहीत." खिळे निघाले, रघूने दोन बाजूंना बोल्ट बसवले, पाठ धाडकन पलीकडे पडली. मांडवात टाळ्या वाजल्या. उन्मेष टपावर चढला आणि दांडा फिरवून आला, कोणी न सांगता.

नलू आता पाटीकडे पाठ करून बसली. तिने पर्स मांडीवर घेतली, पदर सारखा केला. बराच वेळ ती बघत राहिली, भायखळा येतंय तसं, जे. जे. येतंय तसं. मग लक्ष्मीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्यासाठी आईने आज घावन घातलेत. तुला आवडतात म्हणून." लक्ष्मीने फक्त मान हलवली.

थोड्या वेळाने नलू आपणहून उठली. "चल, उशीर झाला. घरी ओरडतील." जिना चढली, वरणभात जेवली, झोपली. दाराला कडी लावावी लागली नाही.

रोज संध्याकाळी असंच. रांग थांबायची, दोघी दादरला जायच्या, पाठ फिरवायच्या, गिरगावला जाऊन यायच्या. लोकांना वाटायचं हा देखाव्याचाच भाग आहे. अनंत चतुर्दशीला राजेश स्वतः त्यांच्यासमोरच्या बाकावर जाऊन बसला. नलूने त्याला ओळखलं नाही. "कुठे उतरणार?" म्हणून विचारलं.

"तुमच्याबरोबरच," तो म्हणाला.

विसर्जनानंतर ट्राम मोडली. ते एक बाक मात्र रघूने वर आणून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ठेवलं, आणि दोघींची रोजची फेरी तिथून सुरू झाली. बदलापूरला राजेशने फोन करून जागा नको म्हणून कळवलं.

नलू त्यानंतर दीड वर्ष होती. शेवटी शेवटी गिरगाव हे नावही गेलं, पण संध्याकाळी बाकावर बसून ती त्याची पाठ फिरवायची. घरच्या अंथरुणावर, दुपारच्या झोपेत गेली. राजेशने लवकर घरी येता येईल अशी शिफ्ट घेतली होती, ती त्याने अजून बदललेली नाही. उन्मेषने दुसऱ्या वर्षी चांद्रयान केलंच. लोक म्हणाले एक वर्ष उशीर झाला, तो म्हणाला, गर्दी कमी होती म्हणून बरं. आता तो बदलीवर नागपूरला आहे. रघूने काम सोडलं आणि कणकवलीला घर बांधलं. वैशाली दर रविवारी लक्ष्मीच्या डोक्याला तेल लावते, आणि गिरगावात भुयारी मेट्रोचं स्टेशन सुरू झालं तेव्हा तिनेच लक्ष्मीला तिथे नेलं. सरकत्या जिन्याला लक्ष्मी भ्यायली. वर आल्यावर कुठला रस्ता कुठे जातो ते तिला कळेना, म्हणून एका फुलवालीला विचारून दोघी ठाकुरद्वारापर्यंत चालत गेल्या आणि पियूष पिऊन परत आल्या.

लक्ष्मी आहे अजून. कवळी नवी केलीय. ती टोचते म्हणून सकाळपासून कुरकुर चालू असते.