माझ्या पाठीवरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. मोठ्या स्टुडिओत चाकांच्या गाडीवर मिरवणारा नव्हे. तळहातावर मावणारा, साध्या माणसाच्या खिशाला परवडणारा. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आणि साधने थोडी, अशांसाठी मला घडवले.

एका लांबलचक टेबलावर चपळ बोटांनी मला जुळवले. कुणी भिंग बसवले, कुणी इवलेसे स्क्रू पिळले. शेवटी माझ्या कपाळावर एक लाल दिवा लावला. चित्रण सुरू झाले की तो पेटायचा. त्या दिव्याचा मला भारी तोरा होता.

माझे पहिले धनी शाळेतले मास्तर. मुंग्यांची वारुळे आणि पक्ष्यांची घरटी टिपताना ते मला लेकरासारखे जपत. तरी एकदा जिन्यात त्यांचा हात सुटला आणि मी चार पायऱ्या गडगडलो. बाकी सारे शाबूत राहिले, दिवा तेवढा कायमचा गेला. मास्तरांनी मला टाकले नाही. त्यांनी माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली : 'दिवा गेला आहे. चित्रण करताना पडद्याच्या कोपऱ्यातले वेळेचे आकडे पळतात का, ते पाहा.'

मास्तर थकले, आणि मी कपाटात धूळ खात पडलो. पुढे जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडे गेलो. त्याने नखाने चिठ्ठी खरवडली. "दुखणं सांगून कुणी माल विकतं का?" तो हसत म्हणाला. पाठीवर फक्त चिकट डाग उरला.

तिथून मला चिंगीने घेतले. ती दवाखान्यात औषधे द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी फिल्म करायची. तिचे बाबा काच फुंकणारे कारागीर. लांब नळीच्या टोकावर वितळलेली काच घ्यायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकून तिला आकार द्यायचा, हे त्यांनी चाळीस वर्षे केले. आता छातीने दगा दिला होता. डॉक्टरांनी फुंकायला साफ मनाई केली. बाबांनी लहान मुलासारखा हट्ट करून एकच वस्तू मागून घेतली : कंदिलाची एक शेवटची काच. ती घडताना चिंगीला टिपायची होती. दुसरी संधी नव्हती.

कारखान्यात भट्टी धगधगत होती. आत्याने झाडूच्या दांड्याला माइक बांधून वर धरला होता.

"चिंगे, लवकर आटप गं. माझा हात म्हणजे काय विजेचा खांब नाही!"

"ताई, तू घटकाभर गप्प बसलीस तर पहिलं बक्षीस तुलाच," बाबा म्हणाले.

चिंगीने माझे बटण दाबले. मी चित्रण सुरू केले. पण दिवा पेटला नाही, आणि भट्टीच्या झळाळीत पडद्याचा कोपरा तिला दिसेना.

"लागला नाही वाटतं. राहू दे, खऱ्या वेळी लावते." तिने मला तसेच स्टँडवर ठेवले.

बाबांची एक सवय होती. कठीण काम असले की आधी ते रिकामी नळी घेऊन सगळे करून पाहत. "हाताला वाट दाखवून घ्यावी लागते," ते म्हणत. तसेच त्यांनी केले. "इथं काच घ्यायची. इथं हळूच फुंकायचं, रागावलेल्या माणसाशी बोलतो तसं. आणि फिरवत राहायचं. थांबलो की ती रुसलीच."

मग त्यांनी नळी भट्टीत घातली. "चला, घेतो."

चिंगीने घाईने बटण दाबले; नजर बाबांवर होती, दिव्याकडे पाहायचे तिला भान राहिले नाही. आणि मित्रांनो, माझे चालू असलेले चित्रण बंद झाले.

नळीच्या टोकावर सूर्यासारखा गोळा होता. बाबांनी फुंकर घातली. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, काच फुगली. मला सगळे दिसत होते, पण मी काहीच साठवत नव्हतो. मला ओरडता येत नाही. साधा लुकलुकणारा दिवा असता तर! बाबांना खोकला आला. त्यांनी तो गिळला, पण नळी फिरायची थांबली नाही. आत्याचा दांडा थरथरू लागला. काच लांब झाली, मध्ये फुगली, वर निमुळती झाली.

तेवढ्यात चिंगीचा अंगठा माझ्या पाठीवरच्या चिकट डागावर पडला. ती चमकली. इथे कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती. मग ती का काढली? कॅमेऱ्यात काही खोट तर नाही? तिने पडद्यावर ओंजळ धरून सावली केली. कोपऱ्यातले आकडे गोठलेले होते.

तिने बटण दाबले. मी जागा झालो, तेव्हा बाबा नळीवर शेवटची टिचकी मारत होते. टक्! कंदिलाची काच सुटून चिमट्यात आली.

"झालं?" बाबांनी धापा टाकत विचारले.

चिंगीला रडू कोसळले. "बाबा, माझ्याकडून घोळ झाला. मधलं काहीच आलं नाही."

बाबा स्टुलावर टेकले. आत्या हळूच म्हणाली, "पुन्हा फुंका म्हणायचं नाही हं, चिंगे."

"नाही म्हणत," चिंगी म्हणाली.

घरी तिने माझ्यातले चित्रण लावून पाहिले, आणि रिकाम्या नळीचे बाबा सापडले. हवेतून काच घेणारे, हवा फुंकणारे, नसलेल्या काचेला समजावणारे. तिने ते जसेच्या तसे ठेवले आणि त्यापुढे फक्त ती टिचकी जोडली.

फिल्म सभागृहात दाखवली. पुढच्या रांगेतली एक लहानगी म्हणाली, "आई, काच कुठाय?" शेजारचा मुलगा तिच्यावर खेकसला, "दिसत नाही का? त्यांच्या हातात आहे की!" आणि मग पडद्यावर टक् झाले. अंधारात बाबांनी चिंगीचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना पडझड चुकत नाही. आम्हाला पुसा, जपा. पण आमचे दुखणे लपवून आम्हाला पुढच्या हाती देऊ नका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्हीच दोन ओळी लिहा.

माझ्या पाठीवर आता चिंगीच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'दिवा गेला आहे. आकडे पाहा. चिठ्ठी काढू नका.'