तिसऱ्या खेपेची सही

गेम तपासणं हे माझं काम. लोकांना वाटतं, हिला दिवसभर खेळायचा पगार मिळतो. एकाच भिंतीवर चारशे वेळा डोकं आपटून बघा, मग बोला.

हे काम मला मास्तरांनी शिकवलं. आमच्या विभागाचे प्रमुख, जुन्या कॅसेटच्या काळातला माणूस. तेव्हा गेम एकदा कॅसेटमध्ये गेला की गेला, नंतर त्यात काना-मात्रासुद्धा बदलता येत नसे. म्हणून मास्तर अख्खा गेम तीनदा खेळायचे आणि तिसऱ्या खेपेला शेवट नीट दिसला तरच सही करायचे. ती पद्धत आमच्याकडे अजून होती. ते जुने गेम दिसायला ओबडधोबड होते, पण घरी आणलेला गेम पुरा असायचा. आताचे देखणे, पाण्यात ढगसुद्धा दिसतात. फक्त अर्धवट भाजलेले बाहेर पडतात.

आमच्या नव्या गेममध्ये एक पूल होता. हातातला दिवा न लावता तो ओलांडला, की तोवरचा सगळा जपून ठेवलेला खेळ पुसला जायचा. मला हे नेमकं तिसऱ्या खेपेला सापडलं आणि मी सहीला नकार दिला.

मास्तरांनी खोलीत बोलावून स्वतः चहा ओतला. तारीख जाहीर झालीय, म्हणाले, आणि हा काही कॅसेटचा जमाना नाही. पहिल्याच दिवशी दुरुस्ती घरोघरी पोचेल.

"माझा शब्द आहे," ते म्हणाले. "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

पंधरा वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली, त्यांना नाही कसं म्हणणार? केली सही.

पहिला दिवस गेला, आठवडा गेला. मी रोज विचारायची, ते रोज "होतंय" म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात दुरुस्ती विभागातली एक जण जेवताना सहज बोलून गेली, की पुलाचं काम त्यांच्याकडे आलंच नव्हतं. सगळ्यांना नायकाचे नवे पोशाख बनवायला बसवलं होतं, वेगळे पैसे मोजून घ्यायचे ते. तिनं तो आदेश दाखवला. खाली मास्तरांची सही होती, माझ्या सहीच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे शब्द देताना त्यांना सगळं ठाऊक होतं. केसानं गळा कापला माझा, तोही चहा पाजून. मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"तपासणी तुझी होती," ते म्हणाले. "सहीही तुझीच आहे."

संध्याकाळी ताईकडे गेले. मोठी बहीण, रडायला हक्काची जागा ती एकच. पाय मोडल्यामुळे ती महिनाभर पलंगावर होती आणि माझी सही आहे म्हणून तिनं हाच गेम घेतला होता. मी खुर्चीत बसले आणि मास्तरांचा उद्धार सुरू केला. पूल, चहा, पोशाख, सगळं सांगितलं. बोलून दमले तेव्हा कुठे माझं टीव्हीकडे लक्ष गेलं. पडद्यावर 'पुढे चालू' गायब होतं, 'नवा खेळ' एवढीच एक ओळ होती.

"आज सकाळी गेला," ताई म्हणाली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

मास्तरांनी फसवलं, एवढंच पुन्हा पुटपुटले.

"त्यांनी तुला फसवलं, ते कळलं. पण मी त्यांना ओळखत नाही गं. मला फक्त तू सांगू शकत होतीस. दिवा लाव, एवढंच."

तीन आठवड्यांत मी ताईला चार फोन केले होते. दरवेळी ती हौसेनं सांगायची, आज इथवर पोचले. तिला सावध केलं असतं, तर मास्तरांच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं झालं असतं, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. कालच्या फोनवर ती म्हणाली होती, समोर एक पूल दिसतोय.