आवडाबाईची मान

"मान हलवू नको गं, पाणी सांडंल!"

आवडाबाई नवी नवरी होऊन अजिंठ्याकडच्या त्या गावात आली, तेव्हा सासूचा हा आवाज रोज पाठीमागून यायचा. दुष्काळाचं साल होतं. विहीर दीड कोसावर, डोक्यावर एकावर एक तीन हंडे, पायाखाली तापलेली खडी. मान जराशी कलली की घरातल्या सहा माणसांची तहान मातीत जायची. बायका चालता चालता गुणगुणायच्या,

डोईवर तीन हंडे, मान माझी खांबावाणी
मागून कोण हाक मारी, कशी वळू सांग पाणी

सासू जाऊन वीस वर्षं झाली. आवडाबाई नवऱ्यासोबत, लेकासोबत शहरात पुंडलिकनगरला राहायला आली. शेंद्र्यापर्यंत कंपन्या उभ्या राहिल्या, बायपासच्या कडेला माळावर इमारती उगवल्या. दुष्काळही पुन्हा आला, नळाला आठव्या दिवशी पाणी येऊ लागलं. सगळं बदललं, खांब झालेली मान तेवढी तशीच राहिली. कुणी हाक मारली की आवडाबाई बैलगाडी वळावी तशी अख्खीच्या अख्खी वळायची.

आणि आता पंचावन्नाव्या वर्षी तिच्या मनात भलतंच खूळ शिरलं होतं. तिला सुनेची स्कूटी चालवायची होती! घरात कुणी नसताना तिनं दोनदा गाडीवर बसूनही पाहिलं होतं, स्टँडवर, अंगणातच. पाय टेकत होते, हात धीट होते. पण मागून येणारं वाहन बघायला मान वळेना. नुसत्या आरशाच्या भरवशावर जालना रोडला उतरायचं म्हणजे जिवाशी खेळ.

बरं, हे बोलायचं कुणाजवळ? सून सोनिया लग्नात हीच गाडी घेऊन आली, तेव्हा "लोकं काय म्हणतील? आपल्यात सुना गाडीवर उधळत नसतेत" असं म्हणून याच आवडाबाईनं ती दोन वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. सोनियाला कंपनीत नोकरी लागली, तेव्हा कुठं ताडपत्री निघाली.

मग एक दिवस सोनियाच म्हणाली, "आत्याबाई, महा आखडलेला खांदा मोकळा केला ना, त्या वैदेहीताईला तुमची मान दाखवायची का?" तेव्हा आवडाबाई चटकन उठलीच.

"दाखव बाई. लई दुखती."

नवरा साहेबराव पेपराआडून हसला. "या वयात मान वळवून कुणाला बघायचंय?"

"तुमाला सोडून समद्यांला!"

पहिल्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा सलवार घालून निघाली, सोनियाचीच, आणि सोनियासोबतच. सैल कपडे घालून या, असा निरोप होता. वैदेहीची खोली दोन गल्ल्या पलीकडं होती. एक रुंद टेबल, खाली चटई, एवढंच. वैदेहीनं आधी तिला नुसतं उभं केलं, मग चालायला लावलं. कुठल्या पायावर भार, कुठला खांदा वर, हे ती मूर्तीकडं बघावं तसं बघत राहिली. आवडाबाईला लाजही वाटली आणि मजाही. तिच्या उभं राहण्याकडं आजवर कुणी एवढं निरखून बघितलं नव्हतं.

मग टेबलावर झोपवून वैदेहीनं मानेला हात लावला, आणि हात सर्रकन घसरला.

"मावशी, तेल?"

"मंग? पावशेर करडीचं तेल जिरवलंय सकाळधरून. बिनतेलाची कुठं मालिश असती का?"

वैदेही हसत सुटली. "मालिश नाही हो ही. स्नायूंवर पातळ अस्तर असतं, वर्षानुवर्षं एकाच ढबीत राहिलं की ते जागच्या जागी घट्ट होतं. ते धरून, हळूहळू सोडवायचं. हात घसरला तर धरू काय?"

आता तेल धुवायचं कसं? नळ यायला चार दिवस बाकी. शेवटी सोनिया घरी पळत जाऊन डाळीच्या पिठाचा डबा घेऊन आली, आणि दोघींनी मिळून आवडाबाईला भज्यासारखं पिठात घोळून जुन्या टॉवेलनं पुसलं. तिघी हसून हसून गळाल्या.

मग खरं काम सुरू झालं. वैदेहीनं बोटांची पेरं मानेच्या मुळाशी टेकवली आणि मध आपल्या वजनानं उतरावा तशी सावकाश आत गेली.

"दुखतंय?"

"नाय. बरं हाय."

"तोंड नाही म्हणतंय, पायाची बोटं तर मुडपलीत. इथं सोसायचं नाही, मावशी. किती दुखतं, ते दहापैकी सांगायचं."

आवडाबाई घुटमळली. "...आठ."

हात तिथल्या तिथं हलका झाला. आवडाबाई चकितच झाली. आपण बोललो आणि समोरच्यानं जोर कमी केला! तिला ते इतकं आवडलं की ती उगाचच "सहा... आता चार..." सांगत राहिली. मानेत ऊब पसरली, श्वास छातीतून पोटात उतरला.

त्यानंतर चटईवर झोपून हालचाली. आधी फक्त डोळे वळवायचे, मग हनुवटी, मग मान, मग बरगड्या. अंड्यातलं पिल्लू कूस बदलतं, एवढंसंच. मध्ये थांबायचं, नुसतं पडून राहायचं. "उद्या अंग थोडं ठणकेल, भरपूर पाणी प्या," वैदेही म्हणाली.

"तेवढं टँकरवाल्याला बी सांग!"

अंग ठणकलं खरं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाईला डाव्या खांद्याआडची तुळस दिसली, न वळता! तिनं साहेबरावाला हाका मारून मारून उठवलं. मग दर आठवड्याला थोडं थोडं मागचं जग पुढं येत गेलं.

सहाव्या खेपेला ती चटईवर बसली होती. वैदेही म्हणाली, "सोडा डोळे मागे." डोळे गेले, हनुवटी गेली, मान लोण्यातून गेल्यासारखी गेली, आणि पाठीमागं खुर्चीवर बसलेली सोनिया तिला अख्खी दिसली. सोनियानं टाळ्याच वाजवल्या.

"आता सांगा," वैदेही म्हणाली. "पहिल्या दिवसापासून विचारतेय. 'दुखती म्हणून' हे सोडून सांगा, कशासाठी हवी होती ही मान? पुढच्या हालचाली त्यावर ठरतील."

आवडाबाईनं पदर चाचपला. सलवारीवर पदर कुठला! ओढणीचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं. नजर मात्र सोनियावरून हलवली नाही.

"स्कूटी चालवायचीय मला."

सोनियाचा आ वासला. "आत्याबाई! तुमी? तुमीच तर..."

"व्हय, मीच झाकली तुही गाडी. लोकांचं नाव सांगितलं, पण लोकं कुणीच काय म्हणलं नव्हतं गं." आवडाबाई बोलतच राहिली. "तू गाडीवर बसून दारात आली ना, तवा मला हेवा वाटला व्हता, पोरी. लई हेवा."