एका केबलची दोन टोकं

बाळाचार्यांच्या छापखान्यातलं प्लेटचं मशीन सकाळपासून रिकामं बसलं होतं आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं. डोकी दोनच होती. एक सायलीचं आणि दुसरं तिच्या थोरल्या भावाचं, अक्षयचं. सायली त्याला अण्णा म्हणायची. म्हणजे बोलत होती तेव्हा म्हणायची.

छापखाना हुबळीत, दोन इमारतींचा. पुढच्या जुन्या इमारतीत डिझाइनची मंडळी कॉम्प्युटरवर पानं लावत. मागे, अंगणापलीकडच्या शेडमध्ये, त्या पानांच्या प्लेटा निघत आणि छपाई होई. पानं इकडून तिकडे जात ती एका केबलमधून, आणि त्या केबलच्या दोन टोकांना दोन स्विच होते. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी, पुढच्या बाजूला दिव्यांची रांग असलेली चपटी पेटी. एरवी आख्खं पुस्तक चहा पिऊन होईपर्यंत शेडमध्ये जाऊन पोचायचं. गेले काही दिवस मात्र एकेक पान रांगत येत होतं. शाळा उघडायला आल्या होत्या, मुलांच्या रंगीत स्वाध्यायपुस्तिका छापायच्या होत्या, आणि बाळाचार्यांची झोप उडाली होती.

या जोडणीच्या देखभालीसाठी जुनी इमारत अक्षयकडे, शेड सायलीकडे, अशी वाटणी बाळाचार्यांनीच करून दिली होती. त्याआधी सगळं अक्षयकडेच होतं. दुर्गदबैलाच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर-जोडणीचं दुकान, आणि डिप्लोमा झाल्यापासून सायली त्याच दुकानात. मग धारवाडच्या एका कॉलेजचं मोठं काम आलं. कुठून कुठे केबल न्यायची, कुठे काय बसवायचं, सगळा नकाशा सायलीने काढला. ऐन वेळी अण्णाने ते काम दुसऱ्याच माणसाला करायला दिलं. तिला विचारलंसुद्धा नाही. का, तर "तुला दगदग नको म्हणून." माया होती, नाही कोण म्हणतं? पण सायलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने धारवाडच्या मळमड्डीत खोली घेतली आणि स्वतःची कामं धरली. तेव्हापासून दोघांमधलं बोलणं आईमार्फत चालायचं, आणि आई नेत होती ते एवढंच, की तो जेवला आणि ती जेवली.

आज बाळाचार्यांनी सकाळीच फोन करून निकाल ऐकवला होता. "साकु, सायली. पुरे झालं. तुला विचारलं तर म्हणतीस माझ्याकडं सगळं बरोबर आहे. अक्षयला विचारलं तर तो म्हणतो माझ्याकडं सगळं बरोबर आहे. मग बिघडलंय काय, माझं नशीब? त्यालाही सांगितलंय, तुलाही सांगतो. आज संध्याकाळी ज्याची चूक, तो बाहेर. दोन्ही इमारती दुसऱ्याकडं."

शेड गेली तर सायलीच्या हातात सांगण्याजोगं एकही काम उरत नव्हतं. आणि जुनी इमारत गेली तर अण्णाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक जाणार होतं, ज्याच्या जिवावर त्याने दुकान उभं केलं. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

तर ती शेडमध्ये होती आणि तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तापत होतं. तिने केबल बदलून पाहिली. आपला लॅपटॉप जोडून पाहिला. पलीकडे हाक मारावी तशी लहानशी चाचणी पाठवली की उत्तर चटकन यायचं, जणू काही झालंच नाही. मोठी फाइल सोडली की चाललीच गोगलगाय. मशीनवरचा धोंडिबा स्टुलावर बसून हे बघत होता.

"अजून एक पान नाही आलं बघा," तो म्हणाला.

"दिसतंय की मला!" सायली खेकसली आणि लगेच ओशाळली. धोंडिबाचा काय दोष? तिने मानेवरचा घाम पुसला, दारापर्यंत गेली, परत आली.

एक गोष्ट तिच्या मनात खुपत होती. तिच्या आधीचा शेडमधला स्विच अण्णानेच बसवलेला होता. मागे वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा तो जळाला आणि तिने नवा आणून लावला. सगळं रडगाणं तेव्हापासूनचं. पण नवा स्विच चांगला होता, तिने तो तीनतीनदा तपासला होता. शेवटी ती खाली बसली आणि केबल जिथे येते त्या पोर्टची माहिती लॅपटॉपवर ओळ न् ओळ वाचू लागली. आणि तिथे तिला दिसलं, जे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. पोर्ट 'हाफ'वर चालला होता.

त्याचं असं असतं. दोन स्विच जोडले की ते आधी आपापसात विचारून घेतात, वेग किती ठेवायचा आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने. पण एका बाजूला कुणी 'एकाच वेळी बोलायचं' असं हाताने बांधून ठेवलं असेल, तर ती बाजू विचारतही नाही आणि सांगतही नाही. समोरच्याला उत्तर मिळत नाही, मग तो बिचारा समजतो की आळीपाळीनेच बोलायचंय. हाच तो हाफ. एकजण मन मानेल तेव्हा बोलतो, दुसऱ्याला वाटतं आपण मधेच तोंड घातलं, आणि तो थांबून पहिल्यापासून सुरू करतो. बारीकसारीक निरोप निभावून जातात. मोठं काही पाठवायला गेलं की खोळंबा.

म्हणजे अण्णाची बाजू बांधलेली होती. जुन्या यंत्रांच्या काळात दोन्ही टोकं त्याने बांधली असणार. इकडचं टोक विजेने नेलं, तिकडचं तसंच राहिलं. त्याने तिला सांगितलं नाही, आणि तिने त्याला विचारलं नाही.

सायलीने पडद्याचा फोटो काढला. पुरावा हातात होता. बाळाचार्यांना दाखवायचा की झालं, दोन्ही इमारती तिच्या. कॉलेजच्या कामाची सव्याज परतफेड! ती उठली, दारापर्यंत गेली. आणि तिला अण्णा दिसला, म्हणजे डोळ्यांपुढे आला. शिडीवर चढून याच शेडच्या आढ्याला केबल बांधणारा, खाली तिच्या हातात टॉर्च देऊन "सायले, नीट धर की" म्हणणारा.  असा कसा दाखवायचा फोटो?

तिने आईला फोन लावला. "अण्णा काय करतोय?"

"सकाळीच गेलाय. नाश्ताही केला नाही. तू काही खाल्लीस का?"

"आई, त्याला एवढं सांग, की त्याच्या बाजूला..."

"ते तुमच्या पेट्यांचं मला सांगू नकोस बाई. मला कळत नाही. त्याला कर की फोन. भाऊ आहे तुझा."

सायलीने फोन ठेवला. अण्णाचा नंबर काढला, बघितला, बंद केला. आपण आधी? का म्हणून? पण उपाय तिच्याही हातात होता. त्याचं टोक बांधलेलं आहे ना, मग आपलंही बांधायचं. दोन्ही सारखी झाली की भांडण मिटलं. चूक कुणाची ते कुणाला कळायला नको, अण्णालाही नको. तिने आपला पोर्ट हाताने बांधला. दिवा विझला, लागला, पुन्हा विझला, पुन्हा लागला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटून तिने धोंडिबाला सांगितलं, "आता मागवा फाइल."

फाइल निघाली, आणि रांगू लागली.

सायलीचा विश्वासच बसेना. पुन्हा वाचलं. आता तिची बाजू 'फुल', म्हणजे एकाच वेळी बोलायचं, असं दाखवत होती आणि येणारा माल मात्र मोडतोड होऊन येत होता. मग काय चुकलं? आपल्याला काही येत नाही का? डिप्लोमा काय चुलीत घालायचा? बाळाचार्य मधेच डोकावले, "एनम्मा, आयता? झालं का?" आणि झालं नाही हे तिच्या तोंडावरूनच ओळखून मान हलवत गेले. तिने दात-ओठ खात पोर्ट पूर्वीसारखा मोकळा करून टाकला. जाऊ दे, ते कारणच नसेल.

दिवा विझला, लागला. आणि पुन्हा विझला.

या वेळी ती त्याच्याकडेच बघत होती. कुठल्याही टोकाला बदल केला की दिवा एकदाच विझून लागतो, आणि तिने तर एकदाच हात लावला होता. दुसऱ्यांदा दिवा कुणी विझवला?

केबलच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी बसलं होतं. तिच्यासारखंच घाम पुसत, तिच्यासारखंच काहीतरी बांधत आणि सोडत.

ती शेडमधून निघाली आणि अंगण ओलांडून जवळजवळ धावतच जुन्या इमारतीत शिरली. जिन्याखालच्या कपाटापाशी अक्षय जमिनीवर मांडी घालून बसला होता, मांडीवर लॅपटॉप, शर्ट पाठीला चिकटलेला. केस पुष्कळ पिकले होते. दिवाळीत एवढे नव्हते.

"अण्णा, तू आत्ता काय केलास?"

तो दचकला. "आं? काही नाही. होतं तसं परत केलो."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी..." तो लॅपटॉपकडे बघू लागला. "आधी मोकळं केलतो. इकडचं टोक बांधलेलं होतं गं. मीच बांधून ठेवलतो, कधीचं. तुला सांगायचं राहिलं. म्हटलं गुपचूप सोडावं, तुझी शेड सुरळीत चालेल, आचार्यांना काही कळायला नको. पण कुठं काय फरक पडला? म्हणून परत बांधलो."

"फरक कसा पडेल?" सायलीला हसू की रडू कळेना. "तू सोडलास तेव्हा मी बांधले! आणि तू बांधलास तेव्हा मी सोडले!"

अक्षयने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. मग त्याचे खांदे हलू लागले. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा टकरतात, तसं झालं होतं सगळं. तो हसत होता आणि तीही जिन्याच्या पायरीवर बसून डोळे पुसत हसत होती.

"बरं, आता तू हात लावू नकोस," तो म्हणाला.

"मी का म्हणून? तू लावू नकोस."

"अगं, माझं बांधलेलंय, मलाच सोडायला पाहिजे!"

"मग सोड. आणि सोडलास की तोंडानं सांग."

त्याने कळ दाबली. "सोडलो."

फाइल गेली. शेडमधून धोंडिबाची आरोळी आली आणि मागोमाग मशीनची घरघर. त्या आवाजापाठोपाठ बाळाचार्य आले, धोतराचा सोगा सावरत. "आयता? भेश! आता सांगा, चूक कुणाची?"

सायलीच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये फोटो. तिने तोंड उघडायच्या आत अक्षय उठून उभा राहिला.

"माझी, आचार्य. माझं टोक चुकीचं होतं. दोन्ही इमारती सायलीला द्या."

बाळाचार्यांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. पाहिजे होतं ते सगळं सायलीला मिळालं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"परत तेच!" ती ओरडली. डिझाइनच्या खोलीतली मंडळी वळून बघू लागली. "परत तेच केलास, अण्णा! मला विचारलास? पाहिजे का तुझी इमारत, म्हणून विचारलास एका शब्दानं? कॉलेजचं काम काढून घेतलास तेव्हाही विचारलं नाहीस, आणि आज देतोयस तेव्हाही नाही. तू आपला मनातल्या मनात ठरवतोस आणि माझ्यासाठी म्हणतोस!"

अक्षयचं तोंड उतरलं. सायली थांबली नाही. ती बाळाचार्यांकडे वळली.

"आचार्य, मला माझी शेड पाहिजे. त्याची इमारत त्याचीच. कुणी काही बदलायचं झालं तर आधी दुसऱ्याला फोन करायचा, एवढं आम्ही बघू. हे चालत नसेल तर बाहेरचा माणूस बघा. आम्हां दोघांतला एकटा कुणीही तुम्हाला मिळणार नाही."

 आपण शेड घालवली, असंच तिला वाटलं. बाळाचार्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा अक्षयकडे, आणि मग शेडकडून येणाऱ्या मशीनच्या आवाजाकडे कान दिला.

"इरली," ते म्हणाले, "राहू दे. पण परत मशीन थांबलं तर मी एकालाही विचारणार नाही." आणि ते प्लेटा बघायला निघून गेले.

दोघं जिन्याखाली उरली. अक्षय लॅपटॉपची वायर गुंडाळत होता, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"विचारायला पाहिजे होतं," तो खाली बघूनच म्हणाला.

एरवी सायलीने एवढ्यावर समाधान मानलं असतं. आज नाही मानलं.

"कुठल्या वेळी?"

त्याने वायर खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"सगळ्याच वेळी, सायले."