दोनशे बारा फटके

मी ड्रम बोलतोय. चेहऱ्याने तुम्ही मला ओळखणार नाही, पण माझा आवाज आमच्या बोलिव्हियात कुणी ऐकला नाही असं नाही. टूथपेस्टच्या जाहिरातीत ती बाई दात दाखवते तेव्हा मागे जो 'ठाप' वाजतो, तो मी. निवडणुकीच्या प्रचारगीतात मी. वरातीच्या नाचगाण्यात मी. आणि प्रत्यक्षात मी कुठे होतो? ला पाझमधल्या एका स्टुडिओत, कपाटाच्या माथ्यावर, अंगावर एक मोडका हीटर घेऊन. अकरा वर्षं! राग येणार नाही तर काय होईल?

माझा जन्म ओरुरोचा. खाणींचं, थंडीचं आणि कार्निव्हलचं गाव. तिथे सेवेरिनो कालिसाया नावाचे तांबट होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बँडवाल्यांची चेपलेली वाद्यं ते सरळ करून देत. दोन निकामी कर्ण्यांचं पितळ कापून त्यांनी मला घडवलं. एक पत्रा जाड निघाला, एक पातळ. सांधा झाळताना आतल्या बाजूला एक उंचवटा राहिला. त्यामुळे माझ्यावर फटका पडला की 'ठाप'च्या मागोमाग एक 'कर्र' निघायची. तेच माझं व्यंग आणि तोच माझा आवाज.

मला बनवायला सांगणारा बँडमास्तर आला, त्याने दोन फटके मारले आणि तोंड वाकडं केलं.

"मास्तर, हा ड्रम आहे की दात विचकणारं कुत्रं?"

"सांधा घासून देतो की."

"राहू दे. कार्निव्हलच्या मिरवणुकीत देवीपुढे भुंकणारं मला नको."

तो गेल्यावर मास्तरांनी कानस घेतली. तेवढ्यात त्यांचा मुलगा रोलांदो आत आला. एकोणीस वर्षांचा, केस खांद्यापर्यंत. त्याने मला मांडीवर घेऊन एक सणसणीत फटका मारला आणि बापाचा हात धरला.

"बाबा, याला हात लावू नका. मला हेच पाहिजे."

त्या क्षणी मी त्याचा झालो. नाही कशाला म्हणू?

त्याचा मेटल बँड होता, 'मेचा नेग्रा', म्हणजे सुरुंगाची काळी वात. गाणारी आणि बेस गिटार वाजवणारी ग्लादिस पोमा. तिच्या मावशीचं चुन्योचं, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं, कोठार होतं. तिथे सराव चालायचा. थंडी इतकी, की बोटं बधिर व्हायची आणि ती गरम होईपर्यंत रोलांदो मला बडवत राहायचा. मेटल म्हणजे नुसता गोंगाट असं म्हणणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. ग्लादिसचा बाप खाणीत दगडाखाली गेला होता. तिने काय अंगाईगीतं गायची?

कार्निव्हलच्या मंगळवारी सेवेरिनो मास्तर दुकानात 'चाल्या' नावाचा विधी करायचे. ज्या वस्तूवर आपलं पोट, तिला त्या दिवशी कागदी फिती बांधायच्या आणि बिअर पाजायची. पहिली धार पाचामामाला, धरणीमायला. दुसरी हातोडीला. तिसरी मला.

"हात आखडायचा नाही रे," ते रोलांदोला सांगायचे. "पाजताना चिकटपणा केला की वर्षभर चिकटपणाच पदरी येतो."

नऊ वर्षं रोलांदोने मला बडवलं आणि मी सुखात होतो. मग तो दुसऱ्यांसाठी चाली बांधू लागला. छान बांधायचा, खोटं का बोलू? ओरुरोतल्या नाचपथकांची गाणी त्याने केली, टीव्हीची कामं आली, ला पाझला स्टुडिओ झाला. माणूस मोठा होतो याचा मला राग नाही. मास्तर गेले तेव्हा मातीला जाऊन आलेला रोलांदो आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता, तेही मी पाहिलंय.

पण त्यानंतर एका दुपारी त्याने मला माइकसमोर ठेवलं आणि दोनशे बारा फटके मारले. मध्यावर, कडेवर, हळू, जोरात. प्रत्येक फटक्यानंतर आवाज विरेपर्यंत श्वास धरून थांबायचा. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय! मग तो संगणकाच्या पडद्यासमोर बसला आणि एकेका फटक्यातली 'कर्र' पुसून काढली. बापाच्या हातातली कानस ज्याने थांबवली, त्यानेच ती दोनशे बारा वेळा चालवली.

झालं. त्यानंतर बोटाने टिचकी मारली की संगणकाच्या पेटीतून माझा आवाज निघायचा. मग मला कोण विचारतो? गेलो कपाटावर. खाली गायक यायचे, माना डोलवायचे. "वा, काय स्वच्छ वाजतो तुमचा ड्रम!" म्हणायचे. एकाने तरी मान वर करून पाहावं!

आज, कार्निव्हलच्या मंगळवारी, ग्लादिस आली. केस पांढरे झालेले. तिचा डावा कान पूर्ण गेलाय आणि उजवाही पुढच्या कार्निव्हलपर्यंत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्याआधी तिला 'मेचा नेग्रा'ची गाणी एकदा नीट करायची होती आणि स्वतःच्या कानाने ऐकायची होती. एक गाणं रोलांदोने तयार करून तिला पाठवलं होतं.

"ऐकलंस का?" त्याने मोठ्याने विचारलं.

"ऐकलं. ड्रम कुठंय त्यात?"

"हे काय! पहिल्यापासून आहे. याचाच तर आवाज," त्याने माझ्याकडे बोट केलं.

"मला नाही आला. त्याच्या आवाजातला काटा काढलास तू, रोलो. मला आता तेवढा काटाच ऐकू येतो."

"अगं, स्वच्छ केलाय तो."

"स्वच्छ करायला तो काय संडास आहे?"

रोलांदो मंगळवारचा चाल्या करायला उठला. त्याने बिअरची बाटली उघडली, जमिनीवर धार सोडली, उंबऱ्यावर सोडली, टेबलाखालच्या पेटीला फिती बांधल्या.

"वरच्याला नाही पाजणार?" ग्लादिसने विचारलं.

"तो काय काम करतो? अकरा वर्षं नुसता बसून आहे. काम ही पेटी करते."

बसून आहे! अरे, बसवलं कुणी?

आणि मग या शहाण्याने बापाचा शब्द पाळला. हात आखडला नाही. दोन थेंब शिंपडायचे सोडून त्याने पेटीवर बिअर ओतली. वरच्या जाळीतून ती सरळ आत. 'फस्स' झालं, जळका वास सुटला, पडदा काळा. सगळ्याची नक्कल ज्या लहान पेटीत होती ती त्या पेटीवरच ठेवलेली. तिलाही यथेच्छ पाजलं होतं.

"गेले. दोनशे बाराच्या दोनशे बारा गेले," रोलांदो डोकं धरून खाली बसला.

ग्लादिस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग खुर्चीवर चढली, हीटर ढकलून दिला, मला खाली उतरवलं आणि आपल्या शालीने पुसलं.

"ऊठ. वाजव."

"हात राहिला नाही गं आता."

"मग वाईट वाजव. पण वाजव."

ती जमिनीवर बसली, उजवा कान माझ्याकडे करून. रोलांदोने काठ्या घेतल्या. माझं पान सुकलं होतं, खालच्या तारा गंजल्या होत्या. गोड वाजायचा मी प्रयत्नसुद्धा केला नाही. अकरा वर्षांचा सगळा संताप त्याच्या तोंडावर फेकला. 'कर्र' अशी निघाली की खिडकीची काच थरथरली.

"आला," ग्लादिस म्हणाली. तिने डोळे मिटले होते. "रोलो, आला बघ."

दुसऱ्या कडव्यापर्यंत तो धापा टाकायला लागला. त्याचे डोळे भरले होते. मी विरघळलो नाही. गाणं संपवून त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि जुनी खोड वर आली.

"थांब, शेजारून एखादी पेटी आणतो, माइक लावतो. एकेक फटका वेगळा मारून ठेवतो, म्हणजे परत..."

ग्लादिसचा डावा कान त्याच्याकडे होता. तिला ऐकू आलं नाही, की तिने ऐकलं नाही, कोण जाणे. तिने बेस गळ्यात अडकवला आणि पुढचं गाणं सुरू केलं.

मी आता त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये उभा आहे. तुम्हाला एकच सांगतो, ज्याच्या आवाजावर जगता, त्याला कपाटावर चढवू नका. आणि रोलांदो, तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, लवकर जाणारही नाही. तुझी माफी नको, तुझी बिअर नको. काठ्या उचल. माझे फटके मोजू नकोस, साठवू नकोस. तिला ऐकू येतंय तोवर मार.